आमटी आजचीच ना?

अहो,

डॉक्टरांनी दाखल्यावर स्वच्छ लिहून दिलंय, हृदय. पोट नव्हे. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, "पोटाचं काही नव्हतं ना हो?" त्या बिचाऱ्यांना वाटलं, धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, शेजारच्या बाईंना माझ्या पाठीवरून हात फिरवायला सांगितलं. आपल्या घरात सहा वर्षं कसला खटला चाललाय ते त्यांना काय ठाऊक! म्हटलं, जाता जाता तरी माझ्या आमटीवर नाव यायला नको.

काल चौदावा दिवस झाला. पाहुणे गेले, मागून आणलेली पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली. तेरा दिवस मी तुमची स्तुती ऐकत बसले होते. किती शांत, किती मितभाषी, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. अय्यो, म्हटलं, मी चुकून दुसऱ्याच्याच घरी बसले नाही ना? डाव किती वेळ उकळला म्हणजे स्वच्छ होतो, यावर माझ्याशी अख्खा रविवार हुज्जत घालणारा माणूस मग कोण होता? मितभाषी म्हणे! प्रयोगशाळेत जंतू दिवसभर उत्तर देत नाहीत, म्हणून सगळं बोलणं साठवून तुम्ही घरी आणायचात.

असो. मला बोलायचंय ते वेगळंच. एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत, आणि एक मी तुम्हाला. तुमची मला काल कळली. माझी आता सांगते. पण क्रमानं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "आधी पद्धत सांग, मग निष्कर्ष."

चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुमच्या डोक्यात तेव्हा पटकीच्या नव्या लशीचं वेड शिरलं होतं. जुनी लस सुईची, मेलेल्या जंतूंची. दंड सुजायचा, ताप यायचा आणि थोड्याच महिन्यांत तिचा असर ओसरायचा. जत्रेला निघालेली माणसं सुईवाल्यांचं टेबल दिसलं की शेतातून पळ काढायची, ते तुम्ही स्वतः पाहून आला होतात. तुमचं म्हणणं, जिवंत जंतूच पाजायचा, पण माणसाळवलेला. एका बशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुन्हा पुन्हा पेरून त्याची मस्ती उतरवायची, आणि मग घोटभर पाण्यातून पोटात सोडायचा. तो आतड्यात चार दिवस पाहुणा म्हणून राहील, शरीर त्याचं तोंड ओळखून ठेवील आणि पुढे खरा दरोडेखोर आला की दार बंद.

"आणि पाहुण्यानंच दरोडा घातला तर?" मी विचारलं.

"तेवढंच तर बघायचंय," तुम्ही म्हणालात.

जंतू वेगळा आणि त्याचं विष वेगळं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. कलकत्त्याच्या कुणा डॉक्टरांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सशाच्या आतड्यात घालून दाखवलं होतं म्हणे. जंतू नाही, तरी आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे जंतू जिवंतपणीच विष बाहेर ओकत असतो. हे तुम्ही मला सकाळी सकाळी, कॉफीच्या फिल्टरकडे बोट दाखवून समजावलंत. "चोथा वर राहिला, पण कडवटपणा खाली आला की नाही?" त्या दिवशी मला कॉफी गेली नाही. तुम्ही मात्र माझीसुद्धा प्यालात.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की तुमचा जंतू माणसाळला खरा, पण त्याचं विष गेलंय का. सशांना पाजून झालं होतं, ससे मजेत होते. आता माणसं. प्रयोगशाळेतली सहा माणसं तयार होती. ती सगळी आपल्या घरी कॉफी प्यायला येणारी. शारदा तर नुकतीच लग्न होऊन आलेली, बशा मांडायचं काम करायची आणि मला अक्का म्हणायची. पण तुमचा हट्ट, "आधी मी पिणार. मला काही झालं नाही, तरच बाकीचे." हे मात्र मला आवडलं होतं. बोलले नाही तेव्हा. तेव्हा मी म्हटलं होतं, "बेडा, नको हे नसते उद्योग."

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत तुम्ही तो घोट घेतलात. पोटातलं आम्ल जंतूला मारतं, म्हणून आधी सोड्याचं पाणी. तो सोडा कुठला, तर माझ्या डब्यातला! न विचारता नेलात आणि त्या संध्याकाळी माझे तळलेले बोंडे दगडासारखे झाले. दुपारी तुम्ही नेहमीप्रमाणे चालत घरी जेवायला आलात. भात, वांग्याची आमटी, भाजी, ताक. आमटीला छान म्हणालात. बुधवारी उजाडताच जे सुरू झालं, ते सांगायला नको. तुम्ही प्रत्येक खेपेची वेळ वहीत लिहीत होतात, घड्याळ हातात धरून. परसातल्या संडासात मला पाऊल टाकू दिलं नाहीत. स्वतः झोकांड्या खात, भिंत धरत, बादलीभर ब्लीचिंग पावडर ओतत होतात. आपल्या गल्लीला दोन दिवस नव्या इस्पितळाचा वास येत होता.

संध्याकाळी थोडं उतरलं. तुम्ही आरामखुर्चीत पडलात, डोळे मिटलेत आणि निकाल दिलात.

"आमटी."

मी म्हटलं, "काय आमटी?"

"तुझी आमटी बाधली."

"आणि ते कॉलऱ्याचे जंतू? ते काय तीर्थ होतं?"

"सशांना तोच जंतू दिला होता. त्यांना काही झालं नाही," तुम्ही म्हणालात. "ससे तुझी आमटी खात नाहीत."

अहो, चोवीस वर्षांच्या संसारात असं बोलणं मी ऐकलं नव्हतं! आपली आमटी म्हणजे अर्धी मराठी आमटी, अर्धी इथली कानडी हुळी. पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात आणि तीन वाट्या पितात. तिला तुम्ही सशांपुढे साक्षीला उभं केलंत! वर तुमच्या आई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "वांगं वातुळच. मी सांगत होते." त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. पण सुनेच्या स्वयंपाकाला दोष लागत असेल, तर त्या कुठल्याही शास्त्राच्या बाजूनं उभ्या राहायच्या. एवढं बोलून त्या माळ घेऊन देवघरात गेल्या.

मी तुमचंच शस्त्र तुमच्यावर उगारलं. "कंट्रोल म्हणता ना तुम्ही त्याला? एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं? मग ऐका. तीच आमटी मी खाल्ली, तीच आईंनी खाल्ली. आम्ही दोघी ठणठणीत. जंतू फक्त तुम्ही प्यालात. झाला निष्कर्ष?"

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसलात. बराच वेळ पुसलात. मग म्हणालात, "आमटी त्याच दिवशीची होती ना?"

"मग काय गेल्या दिवाळीची?"

"नाही, विचारतो. शिळ्या अन्नात जंतू विष ओकून ठेवतात. मागाहून उकळलं की जंतू मरतात, पण काही विषं उकळूनही जात नाहीत. म्हणून विचारलं."

मी नळ बंद करायला उठले. नळ बंदच होता.

"सरी, ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "प्रयोग पुन्हा करायचा. या खेपेला तुझा स्वयंपाक वगळून."

पुढच्या आठवड्यात तुम्ही तीन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाहीत. व्हरांड्यात रॉकेलचा स्टोव्ह मांडून स्वतः भात शिजवलात. गरगट भात, मीठ आणि उकळलेलं दूध. जाणारायेणारा प्रत्येक माणूस फाटकाशी थांबून विचारायचा, "का सर, घरात काही...?" आणि तुम्ही मान न वर करता सांगायचात, "प्रयोग चाललाय." लोकांनी काय समजायचं ते समजलं. भाजीवालीनं तर मला दोन लिंबं फुकट दिली, वर सांगितलं, "सगळं ठीक होईल अक्का, पुरुष असेच असतात."

चौथा दिवस एकादशी. तुम्ही तो मुद्दाम निवडला होतात. आपल्याकडची एकादशी म्हणजे साबुदाणा-भगरीचा फराळ नव्हे. पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की पारणं. तुमचा देवावर किती विश्वास होता ते देवालाच ठाऊक, पण आईंसाठी मुंजीपासून तुम्ही एकही चुकवली नव्हती. त्या दिवशी पोटात काहीच नाही, म्हणजे दोष द्यायलाही काही नाही. आखणी फक्कड होती. एकच अडचण होती, आई.

"एकादशीला पाणी चालत नाही आणि हा पटकी पिणार?" त्या कडाडल्या.

"आई, ते औषध आहे. औषध चालतं."

"तू आजारी आहेस का?"

"नाही."

"मग औषध कसलं?"

"आजारी पडू नये म्हणून."

"म्हणजे आजारी पडण्याआधीच औषध, आणि औषधानं आजार!"

अहो, तुमच्या नव्या लशीचं याहून थोडक्यात वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही. अर्धा तास हा वाद चालला. शेवटी त्यांनी निवाडा दिला. "औषध म्हणून घे. पण सोवळ्यात घे." मग त्यांना नवी शंका आली, बाटलीला कुणाकुणाचा हात लागलाय. तुम्ही हात जोडून म्हणालात, "कुणाचाही नाही. आमच्याइतकी कडक शिवाशिव तुमच्या मठातसुद्धा पाळत नाहीत." त्यावर त्या बऱ्याच खूश झाल्या.

तो देखावा मी मरेपर्यंत विसरायची नाही. थंड पाण्यानं न्हालेले तुम्ही, रेशमी मुकटा नेसलेले, अंगावर ओली जानवी, तुळशीकडे तोंड करून उभे. एका हातात सोड्याचं पाणी, दुसऱ्यात कॉलरा. आई मागून म्हणाल्या, "नाव घे देवाचं." तुम्ही काय पुटपुटलात कोण जाणे, मला तर लॅटिन वाटलं. मी तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि तुम्ही घोट घेताना वळून माझ्याकडे असं पाहिलंत, की मला आणखीच हसू फुटलं.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पहिली खेप झाली. मग दुसरी. मग तुम्ही वही लिहायचं सोडलंत.

खरं सांगू? मी जिंकले होते. पण तुमचे डोळे खोल गेलेले पाहून जिंकल्याचं काही वाटेना. पायांत गोळे येत होते, मी तळवे चोळत बसले होते. आणि अशा अवस्थेत तुम्ही काय म्हणालात?

"पित्त. उपवासानं पित्त झालं."

मी तोंड उघडण्याआधी आईच उठल्या. माळ खाली ठेवली. "काय म्हणालास? आठव्या वर्षापासून एकादशी करतोयस, कधी झालं पित्त? आज एकादशीवर आळ घेतोस? माझ्या सुनेची आमटीही नव्हे आणि माझी एकादशीही नव्हे. तुझं ते बाटलीतलं गटार आहे, गटार!" माझ्या सुनेची, म्हणाल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुमचे पाय चोळायचे थांबले. आणि मग त्याच आईंनी स्वयंपाकघरातून मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा तांब्या आणला, तुमच्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "पी. एकादशीचं मी बघते देवाशी."

द्वादशीला मी पारण्याचा स्वयंपाक केला, द्वादशीला लागते ती अगस्तीच्या, आपल्या हादग्याच्या, पाल्याची भाजीसुद्धा. तुम्ही दोन घास घेतलेत, काठी घेतलीत आणि प्रयोगशाळेत गेलात. मी भीत होते ते शुक्रवारला. शुक्रवारी ती सहा माणसं पिणार होती. तुम्ही तिथं जाऊन 'आमटी' म्हणालात, किंवा 'पित्त' म्हणालात, तरी ती प्यालीच असती, कारण तुमच्या शब्दाबाहेर त्यांच्यातलं कुणी नव्हतं. मी दुपारपर्यंत फाटकाशी उभी.

परत आलात. चपला काढल्यात. "बंद झालं ते काम," म्हणालात. "वरून."

"आणि माझी आमटी?"

"पुरावा अपुरा आहे."

बस्स. एवढंच! आणि दुसऱ्या दिवशी पानावर बसल्यावर, वाटीत डाव रिकामा व्हायच्या आत, तुम्ही मान वर करून विचारलंत, "आमटी आजचीच ना?"

तेव्हापासून सहा वर्षं. रोज. माझ्या भावाच्या व्याह्यांसमोर विचारलंत. सणाला विचारलंत. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या, त्यानंतर घरात आपण दोघंच राहिलो, तरी विचारणं थांबलं नाही. मी कधी चिडायची, कधी डाव आपटायची, पण उत्तर ठरलेलं, "नाही, गेल्या दिवाळीची!" गेलात त्या दिवशीही तुम्ही तेच विचारलंत आणि मी तेच बोलले. मग तुम्ही आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलात, आणि मी भांडी आवरून येईपर्यंत संपलं होतं. आपलं शेवटचं बोलणं हे असं. बायका नवऱ्याचे शेवटचे शब्द सांगतात, देवाचं नाव घेतलं, मुलांची चौकशी केली. मला विचारलं, तर मी काय सांगू?

काल शारदा आली होती. आता दोन मुलांची आई आहे. थोरली शाळेत जाते. मांडी घालून बसली, रडली, आणि मग स्वल्प हसून म्हणाली, "अक्का, सरांची ती आमटीची गोष्ट आम्ही अजून सांगतो."

"कुठली गोष्ट?" मी म्हटलं.

ती चकित झाली. तिला वाटत होतं, मला ठाऊक असणारच. त्या द्वादशीला तुम्ही म्हणे भिंत धरत आत गेलात, सहाही जणांना समोर उभं केलंत आणि म्हणालात, "माझ्या घरची आमटी निर्दोष आहे. दोष आपल्या जंतूचा. तो माणसाळला, पण विष विसरलेला नाही. कुणीही प्यायचं नाही." मग सगळ्या बाटल्या तुमच्यादेखत उकळून नष्ट करायला लावल्यात. वरून कुणी काही बंद केलं नव्हतं. वरचे उलट चिडले होते. आणि तेव्हापासून तिथं कुणाचा प्रयोग फसला, की बाकीचे म्हणतात, आमटीला दोष देऊ नकोस.

"मला तेव्हा तिसरा महिना होता, अक्का," शारदा म्हणाली. "मी कुणाला बोलले नव्हते. बोलले असते, तर सरांनी यादीतून माझं नाव काढून टाकलं असतं." ती गेली, तेव्हा तिच्या मुलीसाठी मी डब्यातले उरलेले सगळे लाडू बांधून दिले.

आणि मग मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! सगळ्या प्रयोगशाळेत माझी सुटका जाहीर केलीत, आणि आरोपीला तेवढं कळवलं नाहीत! सहा वर्षं मी तुमच्यापुढे पिंजऱ्यात उभी. कोठीच्या खोलीत जाऊन मी तुमच्या नावानं बोटं मोडली, आणि मग तिथंच बसून रडले. चौदा दिवसांत पहिल्यांदा पोटभर.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. तुम्ही मला निर्दोष ठरवलं होतंत, मग रोज विचारत काय होतात?

आता माझी गोष्ट.

त्या मंगळवारची आमटी सोमवारची होती. सोमवारी ती अशी साधली होती, की काय सांगू. वाटीभर उरली. आपल्या घरात उरलेलं दिवेलागणीला गवळ्याच्या गाईला जायचं, शिळं पानात वाढणं म्हणजे आईंच्या लेखी महापाप. मला टाकवेना हो. पापडाच्या डब्यामागं, जाळीच्या कपाटात झाकून ठेवली. मंगळवारी दोनदा खळखळून उकळली आणि तुम्हाला वाढली. फक्त तुम्हाला. आईंनी त्या दिवशी साधं वरण घेतलं होतं, मी दहीभात खाल्ला. कंट्रोल वगैरे काही नव्हतं. मी धादांत खोटं बोलले.

मी खरं बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, "शिळी आमटी, झालं सिद्ध," आणि सहा घोट सहा पोटांत गेले असते. यात माझं शहाणपण काही नाही. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले नव्हते, आईंच्या भीतीनं बोलले होते. पण त्या खोट्यामुळे तुम्हाला दुसऱ्यांदा प्यावं लागलं, आणि तुमचे डोळे खोल गेले, ते मी कसं विसरू?

आणि तुम्हाला ठाऊक होतं. काल कोठीत बसल्या बसल्या मला ते कळलं. सोमवारी वांग्याची आमटी, मंगळवारी वांग्याचीच. लागोपाठ दोन दिवस एक भाजी मी जन्मात केली नाही, हे चोवीस वर्षं माझ्या हातचं जेवलेल्या माणसाला कळत नव्हतं होय? म्हणून तो चष्मा इतका वेळ पुसत होतात. एक शब्द बोलला असतात, तर तुमची लस सुटली असती आणि मी आईंपुढे मेले असते. तुम्ही बोलला नाहीत. व्हरांड्यात भात शिजवलात, गल्लीचं हसं झालात, आणि पुन्हा प्यालात. आणि मग आपलं रोज, वाटी पुढे करून, मला एक संधी देत राहिलात. मीच मूर्ख, दिवाळी दिवाळी करत बसले.

आज सकाळी आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या बाजारातून वांगी आणली. आमटी केली. तुमचं पान मांडलं, पाट ठेवला, वाटी भरली. बसा.

आमटी आजचीच आहे हो. त्या मंगळवारची तेवढी आदल्या दिवशीची होती.